कोपरा शाबूत

पिंपळगाव राजा,
कार्तिक वद्य पंचमी, सन १९१८

चिरंजीव तुळशीराम यास आक्काचा आशीर्वाद. आशीर्वाद दिला म्हणजे राग गेला असं समजू नकोस. राग जागच्या जागी आहे.

घडी उलगडायच्या आधी तू कागदाचे कोपरे पाहिले असशील. आपल्या अमडापूरच्या आत्या गेल्या तेव्हा कोपरा फाडलेलं पत्र आलं होतं. ते उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून वाचायचं, वाचून तिथंच फाडायचं आणि मग आंघोळ करून घरात यायचं, हे मीच तुला शिकवलं. तेव्हा सांगते, चारही कोपरे शाबूत आहेत. बसऱ्याला शहरात असलास तर तिथं, तंबूत असलास तर तंबूत, निवांत बसून वाच.

तुझं भाद्रपदातलं पत्र मिळालं. नेहमीप्रमाणे थोरल्या बहिणीच्या नाही, बायकोच्या, कौशल्येच्या नावानं. त्यात पुन्हा लिहिलंस की आक्काला हे वाचून दाखवू नको. अरे शहाण्या, तिला अक्षर येत नाही, घरात वाचणारी मी एकटी. आजवर तू माझ्याविषयी जे जे वाईट लिहिलंस ते मी स्वतः मोठ्यानं वाचून तिला ऐकवलं. ती तोंडावर पदर घेऊन हसायची. मळ्यात वांगी काढून कपाशी लावू दिली नाही म्हणून माणूस लढाईवर जाणाऱ्या मजूर पलटणीत नाव नोंदवतो आणि घरच्यांना आगगाडीत बसल्यावर कळवतो, हे मी तरी कुठं ऐकलं नव्हतं. पण ते असो. तू परत आलास की भांडू.

इकडे मानमोडी येऊन गेली. तुमच्याकडेही आली असेल, सगळ्या मुलखातच होती म्हणतात. डोकं दुखायचं, मान मोडून पडायची, ताप चढायचा आणि चांगली धडधाकट माणसं आडवी व्हायची. म्हाताऱ्यांना हातही न लावता तरणीताठी नेली. कुंभारवाड्यात तर एका घरात पाणी द्यायला कुणी उरलं नव्हतं. आपल्या घरीही आली. मला दसऱ्याच्या सुमाराला धरलं आणि सोडलं. कौशल्येलाही ताप आला. आता तिला ताप नाही.

मुलगी छान आहे. श्रावणात जन्मली तेव्हा पाखराएवढी होती, आता गाल धरले आहेत. रुक्मिणी नाव कौशल्येनं ठेवलं, आम्ही रुखमी म्हणतो. तुझ्यासारखी कपाळाला आठ्या घालते. शेजारच्या रहेमतुल्ला पिंजाऱ्याची बायको गौसिया तिला अंगावर पाजते, कारण तापानंतर कौशल्येला दूध नाही. गौसियाचा शकील एकीकडे आणि आपली रुखमी एकीकडे, दोघांना धरून ती बसते आणि वर मलाच दटावते.

मळ्यात मिरची बरी आहे. प्रकृतीला जप.

आक्का

पिंपळगाव राजा,
माघ शुद्ध सप्तमी, सन १९१९

चिरंजीव तुळशीराम यास आशीर्वाद.

हे पत्र माझ्या स्वतःच्या कामाचं आहे आणि उत्तरही माझ्याच नावानं हवं आहे. रुसवाफुगवा बाजूला ठेव. एक गोष्ट तुला विचारायची आहे आणि तुला विचारल्याशिवाय ती करणं मला जड आहे.

मानमोडी पुन्हा आली. अजून गावात नाही, पण खामगावला सरकी काढण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायका पडू लागल्या आहेत. बाजाराला माल घेऊन गेलेला पुंजाजीकाका सांगत होता की तोंडाला फडकं बांधून माणसं हिंडतात. खामगावच्या दवाखान्यातले डॉक्टर गावोगाव हिंडून या तापावरची नवी लस टोचणार आहेत. होळी झाली की आपल्या गावात येतील. सक्ती नाही. ज्याला टोचून घ्यायचं त्यानं चावडीपाशी यायचं. लहान पोरांनाही थोडीशी टोचतात.

आता तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. तुझ्या इंद्रभानला देवी टोचल्या तो दिवस मीही विसरले नाही. दोन वर्षांचं पोर, दंड सुजला, मग ताप, मग आचके. त्याच आठवड्यात गावात गोवर होता, आणि ज्यांना सुई लागली नव्हती अशीही पोरं गेली, हे मी तुला तेव्हा म्हटलं तर तू ताट भिरकावलंस. पोराला पुरून आलास आणि कौशल्येला आणि मला समोर उभं करून शपथ घातलीस की या घरात पुन्हा कुणाच्या अंगाला सुई लागणार नाही. मी शपथ घेतली. तुझा चेहरा बघून कुणीही घेतली असती.

म्हणून विचारते. शपथ तू घातलीस, तूच सोडव, नाहीतर नाही म्हणून कळव. नाही म्हटलंस तर मी ऐकेन. पण नाही म्हणताना एवढं ध्यानात घे की दसऱ्याला हा ताप कसा येतो ते मी जवळून पाहिलं, तू पाहिलेलं नाहीस. पोटाशी लेकरू असलेल्या बायकांना तर त्यानं उभं राहू दिलं नाही.

पुंजाजीकाका म्हणतात, "सुई टोचून रोग अंगात घालतेत. भलत्या भानगडीत पडू नको, सुभद्रे." गौसिया म्हणते, "तिच्या बापाले इचारा बाई. माह्या शकीलचं त्याच्या अब्बानं ठरवलं, टोचायचं." मी दोघांचं ऐकते आणि रुखमीकडे बघते. ती दोन्ही हातांनी माझं नाक धरते.

उत्तर लवकर पाठव. कोपरे शाबूत आहेत.

आक्का

पिंपळगाव राजा,
फाल्गुन वद्य षष्ठी

तुळशीराम,

रुखमी बरी आहे. हे आधी वाच. पुन्हा एकदा वाच. रुखमी बरी आहे, आत्ता माझ्याजवळ गोधडीवर आहे.

कागदाचा कोपरा मी फाडला आहे. बाहेर उभा राहा बाळा, आणि कुणीतरी गाववाला जवळ असेल तर त्याला सोबत घे.

कौशल्या गेली. आत्ता नाही. आश्विनातच गेली, दिवाळीच्या आधी. कार्तिकात मी तुला लिहिलं की तिला आता ताप नाही, तेव्हा तिला जाऊन बरेच दिवस झाले होते. त्या पत्राचा कोपरा फाडायला मी धरला होता. पण तू परक्या मुलखात एकटा, आणि पत्र मिळाल्यावर तू कुठं जाऊन रडणार हे मला डोळ्यांपुढे येईना. म्हटलं, लढाई थांबली आहे, तू घरी येशील, तेव्हा तोंडानं सांगू. शिव्या दे मला. खोटं बोलले त्याबद्दल दे. तुझी पत्रं तिच्या नावानं येत राहिली आणि मी ती दाराशी बसून मोठ्यानं वाचत राहिले. ऐकायला कुणी नव्हतं.

आता मी हे का सांगते आहे तेही सांगते. तुझं उत्तर परवा आलं. पहिल्यांदाच माझ्या नावानं. लिहिलंस की बोटीवर चढायच्या आधी तुम्हा सगळ्यांना रांगेत उभं करून टोचलं, दोन्ही दंड सुजले आणि तू मेला नाहीस. हे वर्षभर मला सांगितलं नाहीस, म्हणजे लपवण्यात आपण बहीणभाऊ सारखेच. पुढं लिहिलंस, "इंद्रभानच्या वेळी मी कौशल्येला काही विचारलं नाही, शपथसुद्धा तिला न विचारता घातली. या खेपेला मी ठरवणार नाही. पोर तिचं आहे, कौशल्या म्हणेल तसं कर, मला चालेल."

हे वाचून मी उठून मळ्यात गेले आणि विहिरीपाशी बसून रडले. आयुष्यात पहिल्यांदा तू शहाण्यासारखं बोललास, आणि जिला विचारायला सांगितलंस ती नाही.

खोटं उत्तर लिहिणं सोपं होतं. कौशल्या हो म्हणाली, एवढं लिहिलं असतं तर तुला कुठं कळणार होतं? लिहायला बसलेही होते. पण तिच्या तोंडी मी माझं बोलणं घालावं हे मला पटेना. जिवंत असताना तिला कुणी विचारलं नाही, मेल्यावर तरी तिच्या नावावर खपवू नये.

मग मी बसून आठवू लागले की ती काय म्हणाली असती. आठवायला फार लागलं नाही. ती एकदा बोललेली आहे.

तिला ताप चढला त्याच दुपारी तिनं रुखमीला अंगावरून काढलं आणि मला म्हणाली, "आक्का, हिले इथून न्या. मी बोलावलं तरी आनू नका." मी म्हटलं, पोर भुकेलं आहे, एकदा पाज आणि मग नेते. तर म्हणाली, "नाई. माह्या श्वासात आजार हाये. गौसियाले द्या." मी रुखमीला भिंतीपलीकडे गौसियाकडे नेलं. मधे ती एवढीशी मातीची भिंत, पोर तिकडे रडायचं आणि इकडे हिचं लुगडं दुधानं भिजायचं. दोन वेळा तिनं भ्रमात हाका मारल्या, "आना वो तिले, एकदाच आना." मी उठले तर शुद्धीवर येऊन तीच म्हणायची, "काऊन उठल्या? मी सांगतलं ना, बोलावलं तरी आनू नका." शेवटपर्यंत तिनं पोरीचं तोंड पाहिलं नाही. तिला पाहायचं नव्हतं असं नाही रे. पाहिलं तर पोर जाईल, अशी तिची समजूत होती. ती खरी होती की खोटी हे वैद्याला ठाऊक. पण पोर राहिलं.

ती सुईला काय म्हणाली असती, तूच सांग.

तरी एक गोष्ट कबूल करते. हे माझं अनुमान आहे. ठरवणार मी आहे आणि बरंवाईट झालं तर दोष कौशल्येचा नाही, तुझाही नाही. शपथ मोडली तर मी मोडली. तू हे वाचशील तेव्हा डॉक्टर येऊन गेलेले असतील. लिहिताना मात्र मला ठाऊक नाही की त्या दिवशी चावडीपर्यंत माझे पाय जातील की नाही.

पत्र वाचून फाडून टाक, रीतीप्रमाणे. आंघोळ कर. थोडं खा.

आक्का

पिंपळगाव राजा,
चैत्र शुद्ध दशमी

चिरंजीव तुळशीराम यास आशीर्वाद. रुखमी बरी आहे. आता दर पत्रात पहिलं वाक्य हेच असेल.

मागल्या पत्राचं उत्तर इतक्यात येणार नाही हे मला कळतं. तरी पोस्टाचा माणूस दिसला की मी दारात जाते.

डॉक्टर आले. चावडीसमोरच्या लिंबाखाली टेबल मांडलं. मला वाटलं होतं गर्दी होईल, पण बरीचशी माणसं लांब उभी राहून दुसऱ्याला टोचलेलं बघायला आली होती. पुंजाजीकाका सगळ्यांत पुढे. मी रुखमीला कडेवर घेऊन गेले आणि रांगेत उभी न राहता सरळ टेबलापाशी जाऊन भांडायला लागले. तुला माझा स्वभाव माहीत आहे. भीती वाटली की मी भांडते.

मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, हे टोचल्यावर मानमोडी येत नाई काय?"

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "बाई, नक्की सांगत नाही. लस नवीन आहे. येणार नाही किंवा आली तर हलकी येईल, अशी आशा आहे."

"आशा मले घरी बसूनबी करता येते. नक्की काय थे सांगा."

"नक्की एवढंच की आज ताप येईल आणि दंड दुखेल. त्यापुढचं सांगणारा हवा असेल तर भगताकडे जा, तो सगळंच नक्की सांगतो."

मागे कुणीतरी हसलं. मला राग आला, आणि खरं सांगू, त्या रागात थोडा धीरही आला. इंद्रभानच्या वेळचा टोचणारा म्हणाला होता, काही होत नाही, काही होत नाही. यानं निदान होतं काय ते सांगितलं. तरी माझा हात पुढे होईना. मी म्हटलं, "पोर माह्यं नाई. भावाचं हाये. माय नाई तिले. बाप बसऱ्याले हाये. मी हो म्हनू शकते काय?"

डॉक्टरांनी रुखमीकडे पाहिलं. मग म्हणाले, "सांभाळतं कोण?"

तर माझ्या मागून गौसिया पुढे आली. बुरख्यातून नुसता हात बाहेर काढला आणि रुखमीला माझ्याकडून घेतलं. म्हणाली, "मी इची दूधमाय हावो. माह्या शकीलले अन् इले संगंच टोचा. एका दुधाचे लेकरं हायेत, एकाले एक अन् दुसऱ्याले दुसरं, असं चालनार नाई." आणि मला म्हणाली, "बाई, तुमी तिकडे तोंड करा. तुमच्यानं पाहावनार नाई."

मी तोंड वळवलं नाही. इंद्रभानच्या वेळी आम्ही सगळ्या बायका आत होतो आणि पोर बाहेर एकटं ओरडलं होतं. मी समोर बसले आणि रुखमीचे दोन्ही पाय धरले. सुई लागली तेव्हा तिनं आधी माझ्याकडे असं पाहिलं की हे तू केलंस ना? मग भोकाड पसरलं. हो, मी केलं.

दुपारनंतर ताप आला. डॉक्टरांनी सांगितलेला होता, तरी तो आला तेव्हा मला सांगितलेलं काही आठवेना. दंड लाल झाला. दूध ओढेना. पुंजाजीकाका ओट्यावर येऊन बसले आणि काही न बोलता नुसते बसून राहिले, ते बोलण्यापेक्षा वाईट. गौसिया घरी गेलीच नाही. शकीललाही ताप होता, पण तो रडायचा. आपली रुखमी गप्प पडून होती आणि गप्प पोराची मला फार भीती वाटते. इंद्रभान असाच गप्प झाला होता. मनात आलं, तुळशीरामला दुसऱ्यांदा कोपरा फाडून पाठवण्यापेक्षा मी विहीर जवळ केलेली बरी. हे लिहू नये, पण आलं ते लिहिते. तुझ्याशी खोटं लिहून झालं तेवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी दंडावरची लाली तशीच, पण कपाळ गार. गौसियानं जवळ घेतलं तर अशी तुटून पडली की गौसिया ओरडली, "अगं हळू वं, माह्या शकीलसाठी काही ठेव." मी तिथंच ओट्यावर बसले आणि हसता हसता रडले. काका उठले, धोतर झटकलं आणि जाताना म्हणाले, "त्या डॉक्टरले इचारजो, म्हाताऱ्यायले टोचतेत काय."

बाकी सगळं ठीक. तुझ्या उत्तराची वाट बघते. राग असेल तर रागाचं लिही, पण लिही.

आक्का

पिंपळगाव राजा,
वैशाख वद्य द्वितीया

चिरंजीव तुळशीराम यास आशीर्वाद. रुखमी बरी आहे.

तुझं पत्र मिळालं. कोपरा फाडलेलं पत्र तू नदीकाठी उभा राहून वाचलंस आणि रीतीप्रमाणे फाडलं नाहीस, हे कळलं. कौशल्येनं पोरीला लांब ठेवलं ते ज्या पानावर आहे ते पान तू उशाशी ठेवलंस. ते घरात ठेवू नये म्हणतात. पण तुझं घर तिथं आहेच कुठं, ठेव. माझ्यावर रागावला नाहीस म्हणून लिहिलंस. इतका शहाणा होऊ नकोस, मला भांडायला कुणी राहणार नाही.

तू विचारतोस, लसीचा उपयोग झाला का. खरं सांगते, मला माहीत नाही. खामगावात माणसं गेली, पिंपळगावात मानमोडी वरच्या आळीत येऊन थोडीशी रेंगाळली आणि निघून गेली. तिथं टोचलेली दोघं आजारी पडली आणि बरी झाली. न टोचलेलीही काही पडली आणि बरी झाली, एक म्हातारी गेली. आपल्या घरात आलीच नाही. सुईनं राखलं, की मातीच्या भिंतीनं, की तिची वाटच चुकली, कोण सांगणार? पण तो ताप पुन्हा गावात आला म्हणून कळलं तेव्हा मी रुखमीला पोटाशी धरून बसले होते आणि माझ्या मनात एकच होतं, की करता येण्यासारखं होतं ते मी केलं आहे. दसऱ्याला मला तेही म्हणता आलं नव्हतं.

पावसाच्या आधी सुटका होईल म्हणतोस तर ये. मळ्यात एका तुकड्यात कपाशी लाव हवी तर. एकाच तुकड्यात.

आता शेवटचं, आणि नीट वाच. हे पत्र अर्धं लिहून मी चूल बघायला उठले. परत आले तर कागद रुखमीच्या हातात. उजवीकडचा खालचा कोपरा गेला आहे. दुसरा कागद घरात नाही आणि पोस्टाचा माणूस दारात उभा आहे. तेव्हा घाबरून बाहेर धावू नकोस. कोपऱ्याकडे नीट बघ, तो फाडलेला नाही, चावलेला आहे. तिला वरचे दोन आणि खालचे दोन आले आहेत, चारही दातांचे ठसे ओले उमटले आहेत. वाळले तरी दिसतील.

आत बसून वाच.

आक्का